पेंड

हार्लनने तिसऱ्या दगडात मार्मट लोळवला. पहिले दोन दगड खडकावर आपटून उडाले, तिसरा त्या मांजराएवढ्या लठ्ठ, डोंगरी घुशीसारख्या जनावराच्या कमरेत बसला. मागचे पाय ओढत ते बिळाकडे निघालं, तसा हार्लन धावला, त्याच्या पाठीवर बूट ठेवला आणि दोन्ही हातांनी धोंडा उचलून डोक्यात घातला. एकदा. मग पुन्हा. डोकं असं काही उरलं नव्हतं, तरी आणखी एकदा.

एमरी दहा पावलांवर बर्फात उभा राहून बघत होता.

"अरे काय करतोयस? काय केलं होतं त्याने तुझं?"

"माझ्या काठीचा पट्टा कुरतडला."

"म्हणून?"

"म्हणून आता मी त्याला खाणार," हार्लन म्हणाला आणि खिशातला चाकू उघडून खाली बसला.

सिएरा नेवाडाच्या ऐन माथ्यावरचा तो त्यांचा सातवा दिवस. जून अर्धा सरला होता, पण यंदा बर्फ असा पडला होता, की पायवाट अशी कुठे दिसतच नव्हती. सकाळी बर्फ काचेसारखा कडक असायचा आणि दहा वाजले की मांडीपर्यंत पाय आत जायचा. आठ दिवसांत पार करायचा टप्पा निम्माच झाला होता. अस्वलापासून अन्न वाचवायच्या, दोघांच्या पाठीवरच्या जाड प्लास्टिकच्या डब्यांत ओट्स संपले होते, टॉर्टियाच्या पोळ्या संपल्या होत्या, सूपची चार पाकिटं राहिली होती. भरपूर उरलं होतं ते एकच: पीनट बटरची पावडर.

हार्लनने भांड्यात मांस टाकलं आणि शेगडी पेटवली.

"गॅस उडेल सगळा," एमरी म्हणाला. "मग बर्फ कशावर वितळवणार?"

"बाजूला हो."

"अजून सहा-सात दिवस जायचेत, हार्लन. हिशेब केलाय मी. गॅस एवढा..."

हार्लनने वळूनही पाहिलं नाही. कोपर तेवढं मागे आलं आणि एमरीच्या छातीत बसलं. एमरी बर्फात बसकण मारून पडला आणि श्वास परत येईपर्यंत तिथेच राहिला. हार्लनने ते मांस अर्धंकच्चंच ओरबाडून खाल्लं. हनुवटीवर ओघळलेली चरबी बोटाने निपटून चाटली. तासाभराने चढावर तो वाकला आणि सगळं बर्फावर ओकला. तोंड पुसून उभा राहिला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो एमरीकडे अशा नजरेने बघत होता, की एमरीने उगाचच बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली.

ती नजर एमरी ओळखत होता. नऊ वर्षांचा असताना त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं ते याच नजरेनंतर. गावच्या तळ्यात हार्लनने त्याचं डोकं पाण्याखाली धरून ठेवलं ते याच नजरेनंतर. हार्लन त्याचा थोरला भाऊ, वयाने नऊ वर्षांनी मोठा आणि अंगाने दुप्पट. ऑरेगॉनमधल्या एका लाकडाच्या गिरणीत त्याने बावीस वर्षं ओंडके फिरवले. गेल्या हिवाळ्यात गिरणी बंद पडली, तेव्हा तो दोन महिने कोचावरून उठला नव्हता. एमरी गावातल्या औषधाच्या दुकानात गोळ्या मोजायचा. मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडापर्यंत डोंगरांतून चालत जायचं, ही कल्पना एमरीची. त्याने एकच अट घातली होती.

"डोंगरात माझं ऐकायचं."

"ऐकीन," हार्लन म्हणाला होता. "डोंगर तुझा."

या शब्दांनी एमरीला जे सुख झालं ते त्याने कुणालाही सांगितलं नसतं. सगळा वसंत तो स्वयंपाकघरातल्या ओट्यावर छोटा तराजू मांडून बसला. टूथब्रशचा दांडा अर्धा कापला. तंबूच्या खुंट्या मोजल्या. खाणं सगळं वाळवलेलं आणि दळलेलं. पीनट बटरची पावडर हा तर त्याच्या अभिमानाचा विषय. शेंगदाणे दाबून तेल काढून टाकायचं आणि राहील ते दळायचं. पाणी घालून चमच्याने घोटलं की झालं पीनट बटर. बरणीच्या निम्म्याहून कमी वजन. या पायवाटेवर चालणाऱ्या प्रत्येकाला बाकीचे लोक एक टोपणनाव देतात. पहिल्याच आठवड्यात एमरीला मिळालं ते 'काटा'. वजनकाट्यावरून.

डोंगर चढण्याआधीच्या शेवटच्या गावात हार्लनने दुकानातून खऱ्या पीनट बटरच्या दोन मोठ्या बरण्या आणल्या. गिरणीतल्या सवयीने खिशातल्या लाल खडूने दोन्ही झाकणांवर आपल्या नावाचा ठसठशीत 'एच' काढला आणि त्या एमरीपुढे ठेवल्या.

"या माझ्या. मीच वाहीन. तुझ्या त्या पिठाने माझं पोट भरत नाही."

"साडेतीन पौंड होतात, हार्लन. तुझा गुडघा..."

"गुडघ्याचं मी बघतो."

हार्लन आंघोळीला गेला. डबे भरायचं काम एमरीचं होतं. त्याने त्या बरण्या उचलल्या, ते उतरले होते त्या हॉस्टेलच्या पडवीत गेला आणि 'नको ते ठेवा, हवं ते घ्या' असं लिहिलेल्या खोक्यात ठेवून आला. बरण्यांच्या जागी पावडरच्या चार पिशव्या कोंबल्या. गुडघ्यासाठीच करतोय, असं त्याने स्वतःला सांगितलं. तिसऱ्या दिवशी हार्लनने डबा रिकामा करून शोधाशोध केली तेव्हा एमरी म्हणाला, "बसल्या नाहीत रे आत. पुढच्या गावी पोस्टाने पाठवल्यात."

हार्लन बराच वेळ डब्याच्या तळाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरं."

त्यानंतर चार दिवस त्याने ती पावडर खाल्ली. गार पाण्यात कालवून, गुठळ्यांसकट, टॉर्टियात गुंडाळून, टॉर्टिया संपल्यावर नुसतीच चमच्याने. जितकी खाल्ली तितकी भूक वाढत गेली. गाल आत गेले. पँट कमरेला दोरीने बांधावी लागली. झोपेत तो दात खायचा.

मार्मट ओकला त्याच दुपारी ओढा लागला. वितळलेल्या बर्फाचं पाणी, दुधाळ हिरवं, खाली धोंडे गडगडत असल्याचा आवाज येत होता. एमरी पुढे होता. मध्यावर त्याचा पाय निसटला आणि पाण्याने त्याला असं उचललं, जसं काही त्याला वजनच नव्हतं. डोकं एका खडकावर आदळलं. नाकातोंडात पाणी गेलं. मग मागून कुणीतरी पाठपिशवीचा पट्टा धरला आणि त्याला चिखलातून ओंडका ओढावा तसं काठावर ओढून टाकलं. हार्लन त्याच्या छातीवर बसला आणि त्याने दोन थोबाडीत दिल्या.

"श्वास घे! घे म्हणतो ना! मेला असतास आत्ता, काट्या!"

एमरी खोकत होता. हार्लन छातीवरून उठला नाही. तिसरी थोबाडीत द्यायची काही गरज नव्हती, तीही त्याने दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला, पुढच्या खिंडीच्या पायथ्याशी एका सपाट खडकावर, त्यांना ओटीली ब्रँट भेटली. त्रेसष्ट वर्षांची बाई, एकटी. विस्कॉन्सिनमध्ये तिच्या चाळीस गाई होत्या. गेल्या पानगळीत कळप विकला आणि ती चालायला निघाली. ती यांच्यामागून दोन दिवसांनी निघाली होती आणि आज यांना गाठलं होतं.

"काय रे पोरांनो, तब्येती बऱ्या आहेत ना?" तिने विचारलं. "आमच्याकडे गाईच्या एवढ्या फासळ्या दिसल्या की डॉक्टरला बोलावतात."

हार्लन हसला. आठवड्यात पहिल्यांदाच. तो तिच्याशेजारी बसला आणि आपली पावडर कालवू लागला.

"ते काय आहे?"

"पीनट बटर," हार्लन म्हणाला. "आमच्या वैज्ञानिकाच्या कृपेने."

ओटीलीने त्याच्या चमच्यातलं जरासं बोटावर घेऊन जिभेवर ठेवलं आणि तोंड वाकडं केलं.

"अरे, ही तर पेंड आहे! सगळं तेल काढून घेतलेली. आम्ही गाईंना घालतो ही."

"वजन निम्मं पडतं," एमरी म्हणाला.

"पडणारच की. जळायचं तेच काढून टाकल्यावर काय राहणार! भाकरीला लावायला ठीक आहे बाबा, पण दिवसभर बर्फ तुडवणाऱ्या एवढ्या धिप्पाड माणसाला? चूल पेटवायची आणि लाकूड घालायचं नाही, असं झालं हे." ती आपला डबा उघडू लागली. "थांब. माझ्याकडे खरं आहे. नशिबाने मिळालं बघ."

तिने बरणी काढून हार्लनच्या हातात दिली. झाकणावर लाल खडूने काढलेला 'एच' होता.

एमरीलाही तो दिसला. हार्लनने बरणी उन्हात धरली. अंगठा त्या अक्षरावरून फिरवला.

"ही कुठे मिळाली, बाई?"

"त्या हॉस्टेलच्या पडवीत, खोक्यात. दोन होत्या. दुसरी एका जर्मन मुलाने नेली. सीलसुद्धा तोडलेलं नव्हतं. म्हटलं, कोण मूर्ख असली वस्तू टाकून जातो?"

हार्लनने झाकण उघडलं. एक मोठा चमचा भरून तोंडात घातला आणि डोळे मिटून सावकाश गिळला. मग दुसरा. झाकण नीट फिरवून बंद केलं आणि बरणी तिला परत दिली.

"आभारी आहे," तो म्हणाला आणि उठला.

"हार्लन," एमरी म्हणाला, "ऐक. तुझ्या गुडघ्यासाठी मी..."

पहिला ठोसा नाकावर बसला. हाड मोडल्याचा आवाज एमरीला कवटीच्या आतून ऐकू आला. तो खडकावरून मागे बर्फात पडला आणि हार्लन त्याच्यावर आला. ओंडके फिरवून घट्टे पडलेले ते हात एका लयीत चालले होते, डावा, उजवा, डावा. हार्लन काही बोलत नव्हता, शिवीही देत नव्हता. एमरीचा पुढचा दात तुटून घशाशी आला. डोळ्यांवर रक्त उतरलं आणि सगळं लाल झालं.

"ए! सोड त्याला! मारून टाकशील!" ओटीली ओरडत होती. तिने आपली काठी हार्लनच्या पाठीवर घातली. काठी मोडली. हार्लनने मागे हात फेकला आणि ती खडकावर जाऊन आदळली.

मग हार्लनचे हात गळ्यावर आले.

एमरीचा उजवा हात बर्फात चाचपडत होता. पाठपिशवी तिथेच पडलेली होती आणि तिच्या बाजूला बर्फात वापरायची कुऱ्हाड अडकवलेली होती. हाताला दांडा लागला. ती कशी सुटली हे त्याला कधीच आठवलं नाही. त्याने ती आंधळेपणाने फिरवली. पोलादी चोच हार्लनच्या मांडीत घुसली आणि कशावर तरी अडकली.

गळ्यावरचे हात सुटले. हार्लन बाजूला कोसळून बसला. त्याने मांडीकडे पाहिलं, मग एमरीकडे. त्याचं तोंड उघडं होतं. तो मागे सरकत होता, ढुंगणावर, एका हाताने बर्फ ढकलत.

"एमरी," तो म्हणाला. "एमरी, नको."

एमरी उठून उभा राहिला. कुऱ्हाड हातात होतीच. हार्लन मागे सरकताना ती सुटून आली होती. आता त्याला काही गरज नव्हती. पळून जायला मोकळा डोंगर पडला होता. त्याने दोन पावलं पुढे टाकली, नीट बघून, दोन्ही हातांनी कुऱ्हाड उचलली आणि त्याच पायाच्या गुडघ्यावर घातली.

हार्लनची किंकाळी खिंडीच्या भिंतींवर आपटून परत आली.

तिसऱ्यांदा हात वर गेला तेव्हा ओटीलीने त्याला खांद्याने धडक दिली, मस्तवाल बैलाला गोठ्यात लोटावं तशी. तो पडला. तिने कुऱ्हाड उचलून उताराखाली भिरकावून दिली. तिच्या कपाळावरून रक्त वाहत होतं. तिने कमरेचा पट्टा सोडून हार्लनच्या मांडीच्या वरच्या अंगाला आवळला. रक्त कमी झालं, थांबलं नाही.

"इकडे ये," ती एमरीला म्हणाली.

तो हलला नाही.

"इकडे ये म्हणते ना, हरामखोरा! माझ्या हातात एवढा जोर नाही. दोन्ही मुठी ठेव या भोकावर. अंगाचा भार टाक. असा. आता मी सांगेपर्यंत हललास तर बघ."

एमरी भावाच्या मांडीवर ओणवा झाला आणि त्याने सगळं वजन मुठींवर टाकलं. ओटीलीने उपग्रहावरून निरोप पाठवायचं यंत्र काढलं आणि बटण दाबलं. थोड्या वेळाने उत्तर आलं. हेलिकॉप्टर निघायचंय, पण खिंडीवर ढग आहे, तीन तास तरी लागतील.

हार्लन खालून त्याला मारत होता. मूठ आवळून, बरगड्यांवर, खांद्यावर, मोडलेल्या नाकावर. प्रत्येक ठोशाला एमरीच्या डोळ्यांपुढे अंधारी यायची, पण हात त्याने काढले नाहीत. रक्त बोटांमधून वर येत होतं, गरम, आणि मनगटाशी गार होत होतं. ओटीली हार्लनला बरणीतलं पीनट बटर थोडं थोडं चारत होती आणि त्याच्याशी बोलत होती, आजारी गाईशी बोलावं तसं, हळू आवाजात, काहीबाही. तिच्या गोठ्याबद्दल. एका लंगड्या कालवडीबद्दल.

पहिला तास असा गेला. दुसऱ्या तासात ठोसे हलके झाले. नंतर नुसताच तळवा यायचा, पाठीवर पडायचा आणि घसरायचा. मग तोही येईना.

"हार्लन," एमरी म्हणाला.

हार्लनचे ओठ निळे पडले होते.

"हार्लन. मार ना. अरे, मार की!" एमरीच्या तोंडातून रक्त आणि लाळ भावाच्या कोटावर सांडत होती. "मला मार, साल्या! उठ!"

"ओरडू नकोस," ओटीली म्हणाली. "दाब नुसता."

ढग फाटला तेव्हा तीन वाजून गेले होते. हेलिकॉप्टरमधून दोन माणसं दोरावरून उतरली. त्यातल्या एकाने एमरीची बोटं एकेक करून जखमेवरून उचलली, कारण ती त्याची त्याला उघडता येत नव्हती.

हार्लन वाचला. मांडी शिवून निघाली, गुडघ्यावर तीन शस्त्रक्रिया झाल्या. चौथ्या दिवशी शेरीफच्या पोलिसांपैकी एक माणूस हॉस्पिटलात वही घेऊन आला. हार्लन त्याला म्हणाला, "भावाभावांचं भांडण होतं. सुरुवात मी केली. त्याने कुऱ्हाड चालवली नसती, तर तो मेला असता. लिहा आणि जा."

मग तो माणूस एमरीच्या खोलीत आला. एमरीचा मोडलेला जबडा तारांनी बांधला होता, म्हणून त्याने कागद मागितला.

'घाव दोन घातले,' त्याने लिहिलं. 'पहिला सुटण्यासाठी. दुसरा घालताना मी मोकळा होतो. तो नको म्हणत होता.'

"हे लिहिलंच पाहिजे असं नाही," तो माणूस म्हणाला. "तुमचा भाऊ तक्रार करत नाहीये."

एमरीने 'मी मोकळा होतो' या शब्दांखाली रेघ ओढली आणि कागद परत दिला.

न्यायाधीशापुढे ओटीलीनेही जे पाहिलं तेच सांगितलं, दोघांबद्दलही, काही न गाळता. एमरीला सहा महिन्यांची कैद झाली. औषधाच्या दुकानातली नोकरी गेली. आत पहिले दोन महिने त्याला भेटायला कुणी आलं नाही आणि कुणी यावं अशी त्याची अपेक्षाही नव्हती.

ऑक्टोबरमधल्या एका रविवारी पहारेकऱ्याने त्याचं नाव पुकारलं. काचेपलीकडे हार्लन बसला होता. कुबड्या भिंतीला टेकवल्या होत्या. गाल पुन्हा भरले होते. दोघांनी फोन उचलले.

"नाक वाकडं बसलंय तुझं," हार्लन म्हणाला.

"हो. पाय कसा आहे?"

"वाकत नाही. वाकणारही नाही म्हणतात." त्याने मान खाजवली. "बरण्यांचं सोड. मला एक विचारायचंय. दुसरा का घातलास?"

एमरीने हे स्वतःला इतक्यांदा विचारलं होतं की उत्तर शोधावं लागलं नाही. बोलणं मात्र जड गेलं.

"तू घाबरला होतास. मागे सरकत होतास. तुला घाबरलेलं मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं, हार्लन." तो थांबला. "मला ते आवडलं."

हार्लनने काचेवरून नजर काढली. शेजारच्या खिडकीत एक बाई आपल्या नवऱ्याला तान्हं मूल उचलून दाखवत होती. हार्लन त्यांच्याकडे बघत राहिला. 

"हं," तो शेवटी म्हणाला. "ते कसं असतं ते मला माहीत आहे."

आणखी वीस मिनिटं होती. कुणीही फोन खाली ठेवला नाही.